परमुलखातील बालपण

नोकरीसाठी अथवा व्यापारासाठी आपला देश सोडून दूरच्या मुलखात जाऊन राहणारी कुटुंबे आज आपणां सर्वांच्या परिचयाची आहेत. कोणाचे काका दुबईस असतात, कोणाची आत्या लंडनला असते, तर कोणाचा मामेभाऊ अमेरिकेतच जन्मलेला असतो. सुटीत तो मामेभाऊ इकडे आला म्हणजे त्याच्या मराठीची आपल्याला मोठी गंमत वाटते. पण त्याच्या आईबापांपुढे जे प्रश्न उभे असतात, ते मात्र गमतीचे नसतात. मुलाने घरात कोणत्या भाषेत बोलावे? त्याला कोणत्या देशाच्या शाळेत घालावे? आणि मोठेपणी त्याने 'माझे गाव' म्हणून कोणत्या गावाचे नाव घ्यावे?

दीडशे वर्षांपूर्वी नेमके हेच प्रश्न मुंबईत राहणाऱ्या इंग्रज आईबापांना पडत असत. त्यांच्या लेखी परमुलूख म्हणजे आपला देश, आणि त्यांचे घर समुद्रापलीकडे सहा हजारांहून अधिक मैलांवर. ते येथे पाहुणे म्हणून नव्हे, तर राज्यकर्ते म्हणून आले होते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. परंतु बाबागाडीतल्या मुलाला राज्य ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती आपल्याला उचलून घेणारी माणसे. अशाच एका मुलाची हकीकत या पाठात सांगावयाची आहे. म्हातारपणी त्याने ती स्वतःच लिहून ठेवली, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली आहे.

मुंबईस क्रॉफर्ड मार्केटजवळ सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचे विस्तीर्ण आवार आहे. ही शाळा १८५७ साली सुरू झाली. १८६५ च्या उन्हाळ्यात या शाळेत शिल्पकला शिकविण्यासाठी जॉन लॉकवुड किपलिंग नावाचे एक तरुण इंग्रज गृहस्थ आपल्या पत्नीसह विलायतेहून आले. त्यांचे लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांना मुलगा झाला. इंग्लंडमधील ज्या तळ्याच्या काठी त्या दोघांची प्रथम भेट झाली होती, त्या तळ्याचे नाव त्यांनी मुलास दिले. हाच पुढे प्रसिद्धीस आलेला लेखक रुडयार्ड किपलिंग. मोगलीच्या गोष्टी तुम्ही वाचल्या किंवा पाहिल्या असतील. त्या त्यानेच लिहिल्या. घरी त्याला लाडाने 'रडी' म्हणत. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ जरा निराळा आहे, आणि लहानपणी या मुलाचे ओरडणे पाहता तो अर्थही त्याला अगदीच गैरलागू नव्हता! तो ज्या घरात जन्मला ते घर आज उभे नाही. परंतु कलाशाळेच्या आवारात त्याच्या जन्माची खूण राखलेली आहे.

रुडयार्डला आठवणारे पहिले दृश्य आहे ते मुंबईच्या फळबाजाराचे. पहाटेच्या उजेडात आयेचे बोट धरून तो बाजारात जाई. सोनेरी आणि जांभळ्या फळांच्या राशी बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीला येत. पुढे धाकटी बहीण झाल्यावर तिचीही बाबागाडी बरोबर असे, आणि परतताना घेतलेल्या जिनसांचा ढीग तिच्यावर रचलेला असे. त्याच सुमारास, म्हणजे १८६९ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटची इमारत पुरी झाली. आज तिला महात्मा ज्योतिबा फुले मंडई म्हणतात. तिच्या दरवाजांवर शेतकरी आणि हमाल यांची जी दगडी शिल्पे दिसतात, त्यांची आखणी रुडयार्डच्या वडिलांनीच केलेली आहे. त्या बाजूस कधी गेलात तर मान वर करून ती अवश्य पाहा.

रुडयार्डची आया ख्रिस्ती होती. त्याने तिला 'पोर्तुगीज' म्हटले आहे. त्या काळचे इंग्रज लोक गोव्याकडच्या ख्रिस्ती माणसांना सरसकट असेच म्हणत, तेव्हा ती गोव्याची असावी. वाटेवरच्या क्रुसापाशी थांबून ती प्रार्थना करी आणि हा मुलगा तिच्याजवळ उभा राही. मीता नावाचा एक हिंदू गडी होता. तो त्याला हाताला धरून लहानसहान देवळांत नेई. जातीपातीचे बंधन लागू होण्याइतके मुलाचे वय नव्हते, म्हणून त्याला कोणी अडवीत नसे. गाभाऱ्याच्या अंधारात अंधूक दिसणारे ते देव त्याला आपल्या ओळखीचे व मायाळू वाटत. सायंकाळी ही सारी मंडळी माहीमच्या नारळीच्या वाड्यांतून समुद्राच्या बाजूस फिरावयास जात. वारा सुटला की वरून नारळ धडाधड कोसळत, आणि मग आया बाबागाडी ढकलीत मुलांना घेऊन मोकळ्या जागेकडे धूम ठोकी. मावळत्या सूर्याला वंदन करण्यासाठी पाण्यात उतरलेले पारशी, शिंपल्याच्या आतल्या रंगासारख्या पाण्यावर डोलणारी अरबी गलबते, झाडांवरच्या बेडकांचा आवाज, हे सर्व त्याने साठाहून अधिक वर्षांनंतर जसेच्या तसे लिहिले आहे.

वडिलांच्या कलाशाळेतही त्याला मुक्तद्वार असे. तेथे रंगांचा व तेलाचा वास दरवळत असे आणि खेळावयास मातीचे गोळे मिळत. एकदा तो एकटाच तिकडे निघाला असता वाटेत एका खोल दरीच्या काठी त्याच्याएवढ्या उंचीच्या एका पंखवाल्या राक्षसाने त्याच्यावर झडप घातली. तो रडत पळत सुटला. वास्तविक ती दरी फूटभर खोल चर होती आणि तो राक्षस म्हणजे एक कोंबडी होती! वडील त्याच्यावर रागावले नाहीत की हसलेही नाहीत. त्यांनी त्या प्रसंगाचे एक चित्र काढले आणि खाली पाच ओळींचे गमतीचे पद्य लिहून त्याला दिले. तेव्हापासून कोंबड्यांविषयी मुलाचे मत पुष्कळ सुधारले. ही क्षुल्लक गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण पुढे या मुलाला भीती वाटली तेव्हा चित्र काढून देणारे कोणी जवळ नव्हते.

दुपारी ऊन चढले म्हणजे आया व मीता मुलांना गोष्टी सांगत, बालगीते म्हणत. मग निजणे, उठणे, कपडे बदलणे झाल्यावर मुलांना जेवणाच्या दालनात आईबापांकडे पाठविण्यात येई. दाराशी आया बजावी की, आता आईबाबांशी इंग्रजीत बोलावयाचे हं! मुले आत जाऊन अडखळत इंग्रजी बोलत. म्हणजे ज्या देशी भाषेत ती विचार करीत आणि स्वप्ने पाहत, त्या भाषेतून मनातल्या मनात भाषांतर करीत. इंग्रज मुलाला इंग्रजी बोलण्याची आठवण गोव्याच्या आयेने करून द्यावी, यापरते नवल कोणते? आज लंडनमधल्या मराठी घरात याच्या नेमके उलट घडते. तेथे शाळेतून आलेल्या मुलाला आई उंबरठ्यावरच सांगते, "आता घरात मराठी बोल." लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे, तेव्हा तेथल्या मराठी आयांची ही सूचना काही कालपरवाची नसावी.

या ठिकाणी त्या आयांविषयीही थोडे सांगितले पाहिजे. इंग्रज कुटुंब रजेवर विलायतेस निघाले की मुलांना सांभाळण्यासाठी आयेलाही आगबोटीने नेण्यात येई. तेथे पोहोचल्यावर काम संपले म्हणून तिला सोडून दिल्याचे आणि परतीचे भाडेही न दिल्याचे प्रकार अनेकदा घडले. अशा निराधार स्त्रियांसाठी लंडनमध्ये एक आश्रयगृह चालविण्यात येत असे. १९०० सालापासून ते हॅकनी भागात होते, आणि २०२२ मध्ये तेथल्या घरावर स्मृतिफलक लावण्यात आला. दुसऱ्यांच्या मुलांना घेऊन समुद्र ओलांडणाऱ्या या बायकांची स्वतःची मुले त्या वेळी कोणापाशी असतील? त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत, त्यामुळे त्यांच्या हकीकती आपल्याला फारच थोड्या ठाऊक आहेत.

रुडयार्ड दोन वर्षांचा असताना त्याची आई त्याला घेऊन काही काळ विलायतेस गेली. तेव्हा सुएझचा कालवा खुला झालेला नव्हता. इजिप्तमध्ये बोटीतून उतरून आगगाडीने वाळवंट ओलांडावे लागे आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरी बोट धरावी लागे. 'आपल्या' देशात पाऊल ठेवल्यावर या मुलाने काय पाहिले? एका अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत एक गोरी बाई भिंतीतल्या कोनाड्यात उघडा विस्तव पेटवीत होती. घर उबदार ठेवण्यासाठी थंड देशांत भिंतीतच शेगडी बांधलेली असते. पण मुंबईच्या मुलाने ती कोठे पाहिलेली असणार? ते दृश्य पाहून त्याने भीतीने किंकाळी फोडली.

अशी दोनतीन वर्षे गेली. धाकटी बहीण झाली होती. तिला ट्रिक्स म्हणत. १८७० साली मुंबईत आणखी एक भाऊ झाला, पण तो जगला नाही. हा आघात आईच्या मनावर किती खोल झाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. मुंबईच्या हवेविषयी इंग्रज लोकांत जुनी दहशत होती. सतराव्या शतकात तर येथे आलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे ते म्हणत. पटकी, हिवताप, हगवण यांवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. या रोगांनी आपलीही मुले दगावत होती, आणि पुष्कळ अधिक संख्येने दगावत होती. फरक इतकाच की आपल्या आयांना मुले पाठवावयास दुसरा देश नव्हता.

रोगराईचे भय हे एक कारण झाले. दुसरे कारण असे होते की, मूल येथे वाढले तर त्याच्या इंग्रजीला देशी ढब येईल, नोकरांच्या संगतीत ते हुकूमत गाजवावयास शिकेल, पुढे विलायतेतल्या परीक्षांत व नोकऱ्यांत मागे पडेल, अशी इंग्रज आईबापांना धास्ती वाटे. म्हणून मूल पाचसहा वर्षांचे झाले की त्याला मायदेशी धाडून देण्याची चालच पडून गेली होती. कलकत्त्यास जन्मलेला थॅकरे नावाचा इंग्रज कादंबरीकार असाच पाच वर्षांचा असताना बोटीवर चढला होता. वाटेत त्याची बोट सेंट हेलिना बेटास लागली, तेव्हा कैदेत असलेला नेपोलियन त्याला दुरून दाखविण्यात आला. बरोबरच्या हिंदी नोकराने सांगितले की, हा माणूस रोज तीन मेंढ्या खातो आणि हाती लागतील तेवढी मुलेही खातो!

सगळेच तसे करीत होते, म्हणून किपलिंग पतिपत्नींनीही तसेच केले. मुलांवर त्यांचा लोभ नव्हता असे मुळीच नाही. उलट, मुले जगावी, शहाणी व्हावी, हीच त्यांची इच्छा होती. १८७१ साली ती दोघे मुलांना घेऊन विलायतेस गेली. आईच्या बहिणी तेथे होत्या. पण नातलगांकडे मुले ठेवली की पुढे रुसवेफुगवे होतात, असे तिचे मत होते. तेव्हा वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून त्यांनी साउथसी या समुद्रकाठच्या गावी एक घर शोधून काढले. त्या घरी हिंदुस्थानातील इंग्रजांची मुले पैसे घेऊन सांभाळीत असत. डिसेंबरात मुलांना तेथे ठेवून आईबाप निघून गेले. रुडयार्डला सहावे वर्ष पुरे व्हावयाचे होते आणि ट्रिक्स साडेतीन वर्षांची होती.

जाताना त्यांनी मुलांना काहीच सांगितले नाही. निरोप घेतला तर मुले रडून आकांत करतील, त्यापेक्षा न सांगता जाणे बरे, असा सल्ला त्यांना अनुभवी मंडळींनी दिला होता. आपल्याकडेही लहान मूल झोपी गेल्यावर त्याचे आईबाप हळूच बाहेर पडतात, तसेच हे. पण ते तासादोन तासांनी परत येतात. ट्रिक्सने म्हातारपणी लिहिले आहे की, त्या दिवशी आईबाप दोघेही एकाच वेळी मरण पावावेत तसे आपल्याला झाले. कोणी समजावून सांगितले नव्हते, त्यामुळे आपल्याला का टाकून दिले हे मुलांना कळेना.

त्या घरचा मालक आरमारातून निवृत्त झालेला म्हातारा कप्तान होता. तो रुडयार्डशी प्रेमाने बोले. परंतु दोनतीन वर्षांत तो वारला, आणि त्या घरात या मुलाशी गोड बोलणारे कोणी उरले नाही. घरची बाई ट्रिक्सचे लाड करी. मात्र रुडयार्ड वाईट मुलगा आहे असे तिने ठरवून टाकले होते. नरकाच्या भयंकर वर्णनांनी ती त्याला भेडसावी. रात्री मुलगा झोपेने पेंगुळला असता त्याने दिवसभरात काय काय केले याची ती उलटतपासणी घेई. सातआठ वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात अशा वेळी विसंगती सापडायचीच. तिला खोटेपणा ठरवून दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्याचा पाढा वाचला जाई आणि मग मार बसे. एकदा शाळेचा प्रगतीचा कागद वाईट आला म्हणून त्याने तो टाकून दिला आणि मिळालाच नाही असे सांगितले. ही त्याची चूक होती, यात शंका नाही. पण त्याबद्दल त्याला बेदम मार तर मिळालाच, शिवाय पाठीवर 'लबाड' अशी पाटी लावून त्याला गावातून शाळेत चालत पाठविण्यात आले.

तळघरातल्या एका ओलसर खोलीत त्याला कोंडून ठेवीत. वडिलांनी पाठविलेले 'रॉबिन्सन क्रूसो' त्याने वाचले होते. तेव्हा त्या खोलीत त्याने आपले बेट वसविले. लाल दोरीत ओवलेली एक नारळाची करवंटी, एक पत्र्याची पेटी आणि खोक्याची एक फळी, एवढेच त्याचे भांडवल होते. फळी आडवी लावली की पलीकडचे सारे जग बाहेर राहिले असे तो समजे. ती पडली तर सारा मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागे. माहीमच्या वाडीतले नारळ त्याला त्या करवंटीकडे पाहून आठवत होते की नाही, हे त्याने लिहिलेले नाही. मला मात्र ते आठवल्याशिवाय राहत नाही.

वाचन हाच त्याचा एक आसरा होता. हे ध्यानात आल्यावर वाचनबंदी हीसुद्धा एक शिक्षा झाली. मग तो चोरून, मिळेल त्या अपुऱ्या उजेडात वाचू लागला आणि त्याचे डोळे बिघडत गेले.

वर्षातून एक महिना मात्र त्याच्या वाट्याला सुख येई. डिसेंबरात तो लंडनला आपल्या जॉर्जियाना मावशीकडे जाई. तिचे यजमान एडवर्ड बर्न-जोन्स हे नामांकित चित्रकार होते. त्या घराच्या फाटकावर घंटा होती. तिची दोरी ओढण्यासाठी जाळीदार नक्षीची लोखंडी मूठ बसविलेली होती. रुडयार्ड टाचा उंचावून ती मूठ ओढी, आत घंटा वाजे, आणि दार उघडले की आत चित्रे, मावसभावंडे आणि मावशीची कुशी. एकदा घरी आलेल्या विल्यम मॉरिस या कवीने लाकडी डोलत्या घोड्यावर बसून, पुढेमागे झुलत मुलांना एक जुनी गोष्ट सांगितली होती! महिना संपला की पुन्हा साउथसी. परत गेल्यावर काही दिवस सकाळी उठताना त्याला रडू येई.

येथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. मावशी इतकी मायाळू होती, तर त्याने तिला का सांगितले नाही? पुढे मावशीनेही त्याला हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला. त्याने दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. तो म्हणतो की, मुले सांगत नाहीत, कारण आपल्या वाट्याला आले ते कायमचेच आहे अशी त्यांची समजूत असते. शिवाय, परत जावयाचे त्याच घरात. तेथले गुपित बाहेर फोडले तर काय होईल, हेही त्यांना पक्के ठाऊक असते. आणि आईबापांस पत्र लिहावे म्हटले, तर आगबोटीचे टपाल पोहोचावयास तीनचार आठवडे लागत, आणि उत्तर येण्यास तेवढेच आणखी. आज परदेशातला नातू चित्रफोनवर आजीला आपला पडलेला दात त्याच दिवशी दाखवू शकतो.

अखेर मुलाच्या डोळ्यांनी ते गुपित फोडले. त्याला नीट दिसत नाही अशी बातमी आईला कळली आणि १८७७ साली ती परत आली. पहिल्याच रात्री ती त्याच्या खोलीत गेली, आणि निजण्यापूर्वी पापा घ्यावा म्हणून त्याच्यावर वाकली. तेव्हा मुलाने चटकन हात आडवा धरला. आपल्यावर उगारलेला हात चुकविण्याची सवय त्याला झाली होती. इतक्या वर्षांत त्या घरात काय घडले, ते आईला त्या एका हालचालीने कळून चुकले. तिने दोन्ही मुलांना तेथून हलविले आणि तो उन्हाळा मुलांनी रानालगतच्या एका शेतावर मनसोक्त हुंदडत काढला.

पुढे तो वसतिशाळेत शिकला आणि १८८२ साली, सतरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, हिंदुस्थानात परतला. मुंबईच्या धक्क्यावर उतरून तो शहरात हिंडू लागला. ओळखीचे वास आणि देखावे भोवती येताच त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्येच्या वाक्ये बाहेर पडू लागली. गंमत अशी की, त्या वाक्यांचा अर्थ त्याचा त्यालाच समजत नव्हता! मुंबईत जन्मलेल्या इतर इंग्रज मुलांनीही आपला असाच अनुभव त्याला सांगितला. अकरा वर्षे जी भाषा कानांवर पडली नव्हती, ती जिभेने सांभाळून ठेवली होती. पुढे मुंबईत आयेची पुन्हा गाठ पडल्याचे त्याने लिहिले आहे.

मोठेपणी किपलिंग हा हिंदुस्थानावर इंग्रजांनीच राज्य करावे असे मानणारा निघाला. त्याची ती मते आपण मान्य करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या लेखणीतून वारंवार कोणती मुले उतरली ते पाहा. मोगली माणसाचा मुलगा, पण लांडग्यांच्या कळपात वाढलेला. गावात गेला तर गाव त्याला आपले म्हणत नाही आणि रानही शेवटी सोडावे लागते. १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतला किम आयरिश शिपायाचा मुलगा, पण लाहोरच्या बाजारात देशी भाषा बोलत वाढलेला. साउथसीच्या घराचीही कथा त्याने लिहिली आणि १८८८ साली, आईबापांच्या हयातीतच, छापली. १९०७ मध्ये त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकाला मिळालेले ते पहिलेच होय.

त्याने स्वतःही काही काळ परमुलखात संसार केला. त्याची पत्नी अमेरिकन होती, आणि थोरली मुलगी जोसेफिन १८९२ साली अमेरिकेतच जन्मली. तेथे बांधलेल्या घराला त्याने 'नौलखा' असे नाव दिले होते. मोगलीच्या पुष्कळ गोष्टी त्याच घरात लिहिल्या गेल्या. रोज रात्री तो जोसेफिनला प्राण्यांच्या गोष्टी सांगे, आणि त्यातला एक शब्द जरी बदलला तरी तिला खपत नसे. दुर्दैवाने १८९९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, न्यूयॉर्कला आजारपणात ती वारली. त्यानंतर कित्येक वर्षे हिवाळ्यात किपलिंग दक्षिण आफ्रिकेस जात असे. त्या वेळी एल्सी आणि जॉन ही धाकटी दोन मुले लहान होती. त्यांना इंग्लंडमध्ये कोणाकडे न ठेवता तो आपल्याबरोबर बोटीने नेई. तेथे त्या कुटुंबाने सिंहाचा एक छावाही बाटलीने दूध पाजून वाढविला होता.

१९०२ साली किपलिंगने इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात एक जुने दगडी घर विकत घेतले आणि अखेरपर्यंत तो तेथे राहिला. लंडनचे मावशीचे घर जेव्हा रिकामे झाले, तेव्हा त्याने तेथली एकच वस्तू मागून घेतली. ती फाटकावरच्या घंटेची जाळीदार लोखंडी मूठ होती. आपल्या नव्या घराच्या दाराशी त्याने ती बसविली. कोणी लहान मूल आले, तर ती ओढताना त्यालाही आपल्यासारखाच आनंद व्हावा, अशी त्याची इच्छा होती.